चॅलेंजर टेनिस स्पर्धेचा इतिहास कसा लिहावा

विंबल्डनचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला सामग्रीची टंचाई कधीच भासत नाही. काय गाळावे एवढीच त्याची अडचण असते. दुसऱ्या फळीतील व्यावसायिक स्पर्धांची, म्हणजे एटीपी या पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेच्या चॅलेंजर स्पर्धांची, गोष्ट नेमकी उलटी आहे. १९७८ पासून चालत आलेली ही मालिका मुख्य एटीपी टूरच्या खाली आणि आयटीएफ या आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धांच्या वर उभी आहे. या पायरीवरच्या स्पर्धांचे प्रायोजक बदलतात, नाव बदलते, एखादे वर्ष मधूनच गळते, आणि आयोजकांच्या कपाटात जुनी कागदपत्रे राहतातच असे नाही. गोव्यातील एखाद्या दैनिकाच्या क्रीडा पानासाठी, दिवाळी अंकासाठी किंवा टेनिस क्लबच्या स्मरणिकेसाठी असा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यांकरिता पुढील पद्धत मांडली आहे. उदाहरणे मुख्यतः पुणे आणि बंगळूर येथील घेतली आहेत, कारण ही दोन्ही शहरे आपल्याला रात्रीच्या बसने गाठता येतात आणि तेथील सामने आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिलेले असतात.

आधी स्पर्धा कोणती ते ठरवा

विजेत्यांची यादी करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लेखी स्वरूपात द्यावे: आपण नेमका कशाचा इतिहास लिहीत आहोत? शहराचा, आयोजक संघटनेचा, एटीपीच्या वेळापत्रकातील जागेचा, की केवळ नावाचा? मोठ्या स्पर्धांत या चारही गोष्टी सहसा एकत्र नांदतात. चॅलेंजरमध्ये त्या एकमेकींपासून सुटतात, आणि हे ध्यानात न घेता केलेली यादी वरवर कितीही नेटकी दिसली तरी आतून चुकीची असते.

पुण्याचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेची चॅलेंजर स्पर्धा होत असे, आणि २०१५ व २०१७ या दोन्ही वर्षी तिचे एकेरीचे विजेतेपद युकी भांबरीने मिळवले. २०१७ च्या अंतिम फेरीत त्याने रामकुमार रामनाथनला हरवले. २०१८ मध्ये त्याच संकुलात महाराष्ट्र ओपन ही एटीपी २५० दर्जाची, म्हणजे पहिल्या फळीतील स्पर्धा आली. ती मात्र पुण्याच्या चॅलेंजरची बढती नव्हती. १९९६ मध्ये दिल्लीत सुरू होऊन १९९७ पासून चेन्नईत स्थिरावलेली स्पर्धा तेथून उठून बालेवाडीत आली होती. २०१८ मध्ये जिल सिमोन, २०१९ मध्ये केव्हिन अँडरसन, २०२० मध्ये यिरी वेसेली, २०२२ मध्ये जुआंव सोझा आणि २०२३ मध्ये टॅलन ग्रीक्सपोर असे तिचे पुण्यातील विजेते आहेत. २०२१ ची स्पर्धा करोनामुळे झाली नाही.

खरी गुंतागुंत २०२३ मध्ये आहे. त्या वर्षी जानेवारीच्या आरंभी पुण्यात एटीपी २५० स्पर्धा झाली आणि काही आठवड्यांनी त्याच शहरात चॅलेंजर स्पर्धाही झाली, जी ऑस्ट्रेलियाच्या मॅक्स पर्सेलने जिंकली. २०२४ पासून पुण्यात केवळ चॅलेंजर उरली: त्या वर्षी मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशरो, तर २०२५ मध्ये चेक प्रजासत्ताकाचा दालिबोर स्व्हर्चिना विजेता ठरला. आता ज्याने ‘पुण्याचे टेनिस’ असा विषय घेतला आहे त्याच्या कोष्टकात २०२३ साठी दोन ओळी येतील; ज्याने ‘पुणे चॅलेंजर’ हा विषय घेतला आहे त्याच्या कोष्टकात २०१९ नंतर २०२३ पर्यंत खंड पडेल; आणि ज्याला चेन्नईहून आलेल्या स्पर्धेचा माग काढायचा आहे त्याची सुरुवात १९९६ च्या दिल्लीत, थॉमस एन्क्विस्टच्या विजेतेपदापासून होईल. तिन्ही मार्ग योग्य आहेत, फक्त ते एकमेकांत मिसळू नयेत. माझे मत विचाराल तर नवख्या लेखकाने शहर आणि दर्जा ही जोडी धरून चालावे आणि नावाला सर्वांत कमी महत्त्व द्यावे, कारण नाव बहुधा त्या वर्षीच्या प्रायोजकाचे असते.

विजेत्यांच्या यादीऐवजी ड्रॉपासून सुरुवात करा

प्रत्येक आवृत्तीचा संपूर्ण ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळला याचा तक्ता, मिळवणे हे पुढचे काम आहे. एटीपीच्या संकेतस्थळावर स्पर्धांचे निकाल आणि ड्रॉ वर्षवार पाहता येतात. पात्रता फेरी, मुख्य फेरी आणि दुहेरी अशी तिन्ही पाने वेगवेगळी उतरवून घ्यावीत. चॅलेंजरचा खरा जीव पात्रता फेरीत आणि वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशांच्या, रकान्यात असतो: कोणत्या स्थानिक खेळाडूला संधी मिळाली, शेवटच्या क्षणी कोणी माघार घेतल्याने पात्रता फेरीत हरलेल्यांपैकी लकी लूझर म्हणून कोण आत आला, आणि यजमान संघटनेने आपली वाइल्ड कार्डे कोणावर खर्च केली, हे पाहिले म्हणजे स्पर्धा कोणासाठी भरवली जात होती ते कळते.

कोष्टक करताना वर्ष हा पहिला रकाना ठेवण्याचा मोह टाळावा. तेथे सुरुवातीची तारीख लिहावी. बंगळूर ओपन पाहा. २०१७ मध्ये सुमित नागलने जे क्लार्कला आणि २०१८ मध्ये प्रज्ञेश गुणेश्वरनने साकेत मायनेनीला हरवून विजेतेपद मिळवले. या दोन्ही स्पर्धा नोव्हेंबरमधील होत्या. त्यानंतरची स्पर्धा फेब्रुवारी २०२० मध्ये झाली आणि जेम्स डकवर्थने ती जिंकली. केवळ वर्षे मांडली तर २०१९ ची जागा रिकामी दिसते आणि वाचकाला वाटते की स्पर्धा बंद पडली होती. प्रत्यक्षात दोन आवृत्त्यांमधील अंतर सव्वा वर्षाच्या आसपास होते. २०२१ चा खंड मात्र महासाथीच्या काळातील आहे, म्हणजे दोन रिकाम्या जागांची कारणे निराळी आहेत आणि ती टीपेत वेगळी सांगावी लागतात. उलट फेब्रुवारी २०२२ मध्ये बंगळुरात लागोपाठच्या दोन आठवड्यांत दोन चॅलेंजर झाल्या. पहिली तैवानच्या त्सेंग चुन-सिनने, तर दुसरी ऑस्ट्रेलियाच्या अलेक्झांडर वुकिचने जिंकली. वर्षाला एकच ओळ ठेवणाऱ्याच्या हातून यातील एक विजेता हमखास निसटतो.

ड्रॉचा आकारही प्रत्येक ओळीत नोंदवावा. एरवी एकेरीचा मुख्य ड्रॉ ३२ जणांचा असतो, परंतु २०१९ मध्ये तो ४८ करण्यात आला आणि १६ मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळू लागली. त्यामुळे त्या वर्षी ‘दुसऱ्या फेरीत पराभूत’ झालेला मानांकित खेळाडू एकही सामना न जिंकता बाहेर पडलेला असू शकतो.

दर्जाच्या बाबतीत २०२३ ही सीमारेषा धरावी. तेव्हापासून चॅलेंजरचे ५०, ७५, १००, १२५ आणि १७५ असे पाच वर्ग आहेत, आणि विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण वर्गाच्या आकड्याएवढेच असतात. त्याआधीचे वर्ग वेगळे होते. शिवाय २००९ मध्ये एटीपीने गुणांची मोजपट्टीच बदलली. ग्रँडस्लॅम विजेत्याचे १००० गुण २००० झाले. म्हणून २००८ चे गुण आणि २०२४ चे गुण शेजारी मांडून तुलना करणे निरर्थक ठरते.

क्रमवारी लिहिताना ती कोणत्या सोमवारची हे सांगितलेच पाहिजे. प्रवेशयादी काही आठवडे आधीच्या क्रमवारीवर ठरते, मानांकन त्यानंतरच्या क्रमवारीवर, आणि स्पर्धेचा परिणाम दिसतो तो ती संपल्यावरच्या क्रमवारीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागलने चेन्नईच्या चॅलेंजरमध्ये लुका नार्दीला हरवले आणि पुढच्या सोमवारी तो ९८ व्या स्थानी पोहोचला. ‘जगातील ९८ व्या क्रमांकाच्या नागलने चेन्नईत विजय मिळवला’ असे वाक्य लिहिले की घटनांचा क्रम उलटा होतो, कारण पहिल्या शंभरात तो त्या विजयामुळे आला.

वृत्तपत्रांची कात्रणे

ड्रॉमधून आकडे मिळतात. वातावरण, वाद, पावसाने लांबलेले सामने आणि प्रेक्षकांची गर्दी यांसाठी वृत्तपत्रांकडे वळावे लागते. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यासाठी पहिले ठिकाण होय. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात दैनिकांचे जुने अंक पाहण्याची विनंती करताना वृत्तपत्राचे नाव आणि तारखांचा पल्ला आधीच लिहून नेला तर काम लवकर होते. एकेरीची अंतिम लढत रविवारी झाली असेल तर सोमवारचा अंक मागावा. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण दुहेरीचा अंतिम सामना अनेकदा आदल्या दिवशीच उरकलेला असतो.

दुहेरीकडे दुर्लक्ष केल्याने काय हुकते याचे उदाहरण गोमंतकीय वाचकांना जवळचे वाटेल. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील लिएंडर पेसने २०२० मध्ये मायदेशातील निरोपाची स्पर्धा म्हणून बंगळूर ओपन निवडली. मॅथ्यू एब्डनच्या साथीने तो दुहेरीच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि तेथे पुरव राजा व रामकुमार रामनाथन या भारतीय जोडीने त्यांना हरवले. एकेरीच्या विजेत्यांपुरत्या लिहिलेल्या इतिहासात त्या आठवड्यासमोर फक्त डकवर्थचे नाव राहते, आणि कब्बन पार्कमध्ये जमलेल्या प्रेक्षकांपैकी कित्येकजण ज्याच्यासाठी आले होते त्याचा मागमूसही उरत नाही.

मराठी वृत्तांत शोधताना परदेशी नावांची लेखनभिन्नता धरून चालावे. व्हाशरो हाच खेळाडू एखाद्या बातमीत व्हॅचेरॉट म्हणून भेटेल. आपल्या लेखात एकच रूप कायम ठेवावे, मात्र शोधसूचीत सगळी रूपे लिहून ठेवावीत. वृत्तसंस्थेच्या संक्षिप्त बातम्यांत ‘सरळ सेटमध्ये विजय’ एवढेच असते, तेव्हा गुणसंख्या ड्रॉवरूनच घ्यावी; प्रतिस्पर्ध्याने सामना अर्धवट सोडला की तो कोर्टवर उतरलाच नाही, हा फरकही तेथेच स्पष्ट होतो.

स्त्रियांच्या स्पर्धा वेगळ्या मांडा

डब्ल्यूटीए १२५ ही स्त्रियांच्या टेनिसमधील समकक्ष पायरी २०१२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच वर्षी पुण्याला एक स्पर्धा मिळाली, जी एलिना स्वितोलिनाने किमिको दाते-क्रुमला हरवून जिंकली. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर २०१७ मध्ये अरिना सबालेंका विजेती ठरली. २०१८ नंतर ती स्पर्धा थेट २०२४ मध्ये परतली. या स्पर्धा डब्ल्यूटीए या स्त्रियांच्या टेनिस संघटनेच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे त्यांचे गुण, वर्ग आणि नियम चॅलेंजरच्या कोष्टकात घुसडू नयेत.

‘पुढे काय झाले’ हा रकाना

सबालेंकासारखी नावे हाती आली की लेखणी सैल सुटते आणि प्रत्येक आवृत्तीला ‘उद्याच्या ताऱ्यांची भूमी’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. चॅलेंजर जिंकणाऱ्यांपैकी बहुतेकजण पुढेही चॅलेंजरच खेळत राहतात, आणि इतिहासात त्यांचीच संख्या मोठी असते. म्हणून विजेता, उपविजेता आणि उपांत्य फेरीतील दोघे अशा चौघांची पुढील वाटचाल सारख्याच तपशिलाने नोंदवावी आणि त्या नोंदीखाली ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे ते लिहावे. पर्सेलने २०२३ मध्ये चेन्नई, बंगळूर आणि पुणे या तिन्ही स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. कोणत्याही एका शहराच्या इतिहासात ही बाब त्याच आठवड्याच्या नोंदीत आली पाहिजे, अन्यथा ती तिन्ही ठिकाणी निसटेल. व्हाशरोची ओळ २०२४ अखेरीस लिहिली असती तर पुण्याचा एक विजेता एवढीच राहिली असती. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने २०४ व्या क्रमांकावरून, पात्रता फेरीतून येऊन शांघाय मास्टर्स जिंकली, आणि हे वाक्य त्याच्या पुण्याच्या नोंदीत नंतर घालावे लागले. अशा भरीसाठी कोष्टकाच्या उजवीकडे एक रकाना कोरा ठेवावा, आणि स्मरणिका छापखान्यात जाण्यापूर्वी त्यातील प्रत्येक नाव एटीपीच्या खेळाडूंच्या पानाशी पुन्हा एकदा ताडून पाहावे.