उन्हाळ्यातील डोहावर: मासे गरवताना माग कसा वाचावा आणि नोंद कशी ठेवावी

शिमगा उलटला की सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील बहुतेक ओढ्यांचे वाहणे थांबते आणि पाणी उरते ते खडकांमधील डोहांत, ज्यांना कोकणात कोंड म्हणतात. तेव्हापासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंतचे दिवस गावातील गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्या, मंडळींच्या आवडीचे असतात. भाजावळ, म्हणजे पेरणीआधी शेत भाजण्याचे काम, आटोपलेली असते, मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात आणि सकाळच्या गारव्यात काठी घेऊन डोहावर बसण्याइतकी सवड कोणालाही मिळते. याच दिवसांत जंगलातील जनावरेही त्याच डोहांवर येतात, कारण त्यांनाही दुसरीकडे पाणी नसते. ज्यांना अशा ठिकाणी बसून मासे गरवायचे आहेत आणि आजूबाजूचे जीवही नीट पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

माझ्या वडिलांच्या पिढीने लहानपणी पारध पाहिली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झाले, असे माझे ठाम मत आहे. मात्र वारा पाहून बसणे, चिखलातील ठशावरून जनावर केव्हा गेले हे सांगणे, पाखरांच्या ओरडण्यावरून झाडीत काय आहे ते ओळखणे, ही जी विद्या जुन्या शिकाऱ्यांजवळ होती ती बंदुकीबरोबर अडगळीत जाऊ नये असे मला मनापासून वाटते. ती शिकण्यासाठी गरवणाऱ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही, कारण तो दोन-दोन तास एका जागी गप्प बसतो.

जाण्यापूर्वी

डोह कोणाच्या अखत्यारीत आहे याची चौकशी आधी करावी. धरणांचे आणि पाझर तलावांचे जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात आणि तेथे संस्थेच्या परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीवाचून प्रवेशच करू नये. काही डोह देवाचे असतात. महाडजवळच्या काळ नदीवरील वाळणकोंड येथे लोक माशांना मुरमुरे घालतात आणि तेथील मासा कोणी मारत नाही. आपल्या परिसरातही असा राखलेला डोह असेल, तर तेथे काठी न नेता केवळ पाहायला जावे.

कायद्याच्या दृष्टीने शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फासे लावणे, पकडणे, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी उचलणे आणि घरट्याला त्रास देणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. डोहावर जाता जाता घोरपड, ससा, तितर किंवा कासव हाती लागले म्हणून घरी आणणे हा गुन्हाच आहे, आणि घरात शेतसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना असल्याने त्यात काही फरक पडत नाही.

बसण्याची जागा

डोंगराळ भागात पहाटेची थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन तापल्यावर ती उलट फिरून वर चढू लागते. कोकणात दुपारनंतर खारा वाराही तिला मिळतो. त्यामुळे सकाळी डोहाच्या खालच्या, म्हणजे पाणी जिकडे वाहत जाते त्या अंगाला बसावे आणि संध्याकाळी वरच्या अंगाला. अशा बसण्याने आपला वास रानाकडून येणाऱ्या जनावराकडे जात नाही. शंका वाटल्यास चिमूटभर सुकी माती किंवा राख बोटांतून सोडून पाहावी. जुने शिकारी हेच करीत आणि यापेक्षा चांगला उपाय मला आजवर सापडलेला नाही.

पाठीशी खडक किंवा जाड खोड घ्यावे, म्हणजे आपली आकृती उजेडावर उठून दिसत नाही. कपडे मातकट किंवा विटक्या हिरव्या रंगाचे असावेत. डोहाकडे उतरणारी जनावरांची वाट सहज ओळखता येते: गवत दबलेले असते, मातीवर खुरांचे थर असतात आणि बाजूच्या खोडांवर अंग घासल्याचा चिखल दिसतो. त्या वाटेवर किंवा तिच्या तोंडाशी कधीही बसू नये. तहानलेले जनावर आपल्यामुळे पाणी न पिता परत फिरले, तर त्या दिवशी त्याला दुसरे पाणी मिळेलच असे नाही.

उजाडण्यापूर्वी पोहोचावे आणि साडेआठ-नऊला उठावे. संध्याकाळी साडेचारनंतर बसून अंधार पडण्याआधी गावाकडे निघावे. दुपारी मासा खोल पाण्यात, सावलीत जातो आणि आमिषाकडे फारसा येत नाही, त्यामुळे त्या वेळचे बसणे व्यर्थ ठरते.

गरी, आमिष आणि किती मासे घ्यावेत

साहित्य फार लागत नाही. बांबूची लवचीक काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, लहान गरी म्हणजे गळाचा आकडा, शिशाचा मणी आणि तरंगी एवढे पुरे. आमिषासाठी गांडुळे हवी असल्यास माडाच्या किंवा केळीच्या आळ्यातील ओली माती काठीने उकरावी. जांभ्याचे दगड हाताने उलटून गांडुळे शोधण्याची सवय मात्र सोडून द्यावी, कारण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठारांवर, अशाच दगडांखाली फुरसे असते आणि ते आकाराने लहान असले तरी त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीही न करता दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला तडक जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे.

उन्हाळ्यातील डोहात जे मासे असतात तेच पुढच्या पावसात अंडी घालणारे मासे असतात. वरून पाणी येत नाही, खालून मासा चढत नाही. म्हणजे आपण जो काढतो तो पुन्हा भरून येत नाही. म्हणून एका डोहावरून घरच्या एका कालवणापुरते घ्यावे आणि त्याच डोहावर निदान पंधरा दिवस परत जाऊ नये, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे. खडस, म्हणजे महसीर, लागला तर तो सोडून द्यावा. त्यासाठी गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवावा, हात ओले करावेत आणि मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गरी काढावी. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने दमलेला मासा लवकर मरतो, त्यामुळे तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत त्याला हलक्या हाताने सरळ धरावे. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला, तर त्याखाली मरळीचे आई-बाप राखण करीत आहेत असे समजावे आणि तेथे गरी टाकू नये.

गेळाची फळे कुटून, ब्लीचिंग पावडर टाकून किंवा जिलेटिन फोडून डोह मारण्याचे प्रकार अजूनही घडतात. गावाजवळचा एक डोह असा मारलेला मी पाहिला आहे. वर आलेले मोठे मासे लोकांनी उचलून नेले. बोटाएवढी पिल्ले, खेकडे आणि बेडूक मात्र तेथेच कुजले, आणि पुढे कित्येक दिवस गुरे त्या पाण्याला तोंड लावत नव्हती. असे कोणी करताना आढळले, तर ओळखीचा माणूस आहे म्हणून गप्प राहू नये.

तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणावा. तो पाखरांच्या पायात अडकतो आणि वर्षानुवर्षे कुजत नाही.

माग वाचणे

गरी टाकण्याआधी डोहाच्या कडेने एकदा सावकाश फिरावे, कारण आपल्या पावलांनी ठसे पुसले गेले की ते पुन्हा वाचता येत नाहीत. ऊन तिरके असताना ठशाच्या कडांची सावली पडते आणि तो स्पष्ट दिसतो. हेही सकाळी लवकर जाण्याचे एक कारण आहे. ठशाची कड धारदार असेल आणि आत पाणी झिरपत असेल, तर जनावर नुकतेच गेले आहे. ठशावरून मुंग्यांची किंवा किड्यांची रेघ गेलेली असेल, आत पाने पडली असतील किंवा कड ढासळली असेल, तर तो रात्रीचा अथवा त्याहून जुना असतो.

बिबट्याचा आणि कुत्र्याचा ठसा यांत नेहमी घोळ होतो. बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतो, त्यामुळे ठशात त्या उमटत नाहीत, आणि तळव्याच्या गादीची मागची कड तीन उंचवट्यांची दिसते. कुत्र्याच्या बोटांपुढे नख्यांचे टिंब असते. रानडुकराच्या खुरामागे मऊ चिखलात दोन लहान खुऱ्या बाहेरच्या बाजूस उमटतात, भेकराचा खूर बारीक आणि टोकदार असतो. गव्याचा ठसा बैलासारखाच असल्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. गावची गुरे त्या बाजूला चरायला जातात का, हे गुराख्याला विचारल्याशिवाय नोंद करू नये.

ज्याची खूण सापडली की मला सर्वांत आनंद होतो तो प्राणी म्हणजे पाणमांजर, ज्याला काही गावांत ऊद म्हणतात. ते स्वतः क्वचित दिसते, परंतु पाण्यालगतच्या सपाट खडकावर ते पुन्हा पुन्हा त्याच जागी विष्ठा टाकते. ती काडीने उकलून पाहिली तर तीत माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचाचे तुकडे सापडतात आणि वासही माशाचा येतो. ओल्या वाळूत पाच बोटांचा ठसा आणि बोटांमध्ये पडद्याची पुसट खूण दिसली, तर शंका उरत नाही. जाळ्यातील मासा खातो म्हणून काही मासेमार त्याच्यावर चिडून असतात. तथापि ज्या डोहावर ऊद टिकून आहे तेथे अजून पुरेसा मासा आहे, एवढे तरी आपण त्याच्याकडून समजून घ्यावे.

नजर वर आणि कान उघडे

काठीकडे टक लावून बसण्याची गरज नसते; तरंगी हलली की डोळ्याच्या कडेतूनही कळते. काळा-पांढरा कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडत थांबतो आणि मग सरळ खाली सूर मारतो. तो जेथे पुन्हा पुन्हा सूर मारतो तेथे बारीक मासा असतो, हे गरवणाऱ्याला उपयोगी पडते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर तिची अंडी जवळच उघड्या खडीत आहेत असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे, कारण ती दगडांसारखीच दिसतात आणि पायाखाली सहज फुटतात.

डोहाजवळ उंबर पिकलेला असेल तर तेथे धनेश येण्याची शक्यता फार असते. या दिवसांत त्याची मादी ढोलीत स्वतःला चिणून घेऊन पिल्लांसह बसलेली असते आणि नर चोचीतून फळे नेऊन फटीतून भरवतो. नर फळे घेऊन वारंवार एकाच दिशेला जात असेल, तर त्याचा पाठलाग करू नये. ढोलीजवळ माणसे घुटमळू लागली की तो भरवायला येण्याचे टाळतो आणि आतील कुटुंब उपाशी राहते.

वानरांचा खरखरीत इशारा किंवा भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे सतत येऊ लागले, तर जवळपास बिबट्या फिरत असण्याची शक्यता धरावी. अशा वेळी काठी गुंडाळून, पाठ न दाखवता, आपसांत बोलत शांतपणे निघावे. बिबट्याचे पिल्लू एकटे सापडले तरी त्याला हात लावू नये. आई बहुधा जवळच असते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सावित्रीच्या महाड परिसरात आणि कृष्णेच्या सांगली परिसरात मगरी आहेत, तेथे पाण्यात उभे राहून गरवू नये आणि काठावर मासे साफ करू नयेत. उन्हाळ्यात मगरीची अंडी काठच्या मातीत पुरलेली असतात आणि मादी ती राखत असते.

रात्री पाणवठ्यावर बसण्याची हौस असेल, तर ती गावच्या डोहावर एकट्याने भागवू नये. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग अनेक अभयारण्यांत निसर्गानुभव नावाचा उपक्रम घेतो आणि नावनोंदणी केलेल्यांना मचाणावर बसू देतो. वाघांची मोजदाद आता कॅमेऱ्यांच्या साहाय्याने होते, त्यामुळे त्या रात्रीच्या नोंदींना गणनेचे महत्त्व उरलेले नाही. पण चांदण्यात सांबर पाण्यावर येताना पाहण्यासाठी तरी एकदा जावेच.

नोंदवही

साधी दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल पुरते, कारण शाई पाण्याने पसरते. तारीख, तिथी, वेळ, डोहाचे नाव, वारा, पाण्याची पातळी, काय आढळले, किती आढळले आणि ते प्रत्यक्ष पाहिले की ठसा, विष्ठा किंवा आवाजावरून ओळखले, हे प्रत्येक वेळी लिहावे. माझ्या वहीतील एक नोंद अशी आहे: 'वैशाख वद्य तृतीया, सकाळी ६.४०, वारा वरून खाली, पाणी काळ्या खडकाच्या खुणेखाली दोन विती. ऊद, विष्ठा ताजी, आत खेकडा. शिंगटी दोन घेतल्या, खडस एक सोडला.' खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह घालावे. ज्या दिवशी काहीच दिसले नाही त्या दिवसाचीही नोंद करावी, अन्यथा वर्षांची तुलना करता येत नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अनेक ठिकाणी ती एकदाच भरून कपाटात ठेवलेली असते. आपली दोन-तीन उन्हाळ्यांची वही घेऊन समितीकडे जावे आणि त्यातील माहिती तेथे उतरवून घेण्याचा आग्रह धरावा. पाणमांजराची किंवा धनेशाच्या ढोलीची नेमकी जागा मात्र मोबाइलवरच्या गटांत कधीही टाकू नये.

रोहिणी नक्षत्र लागले की काजवे चमकू लागतात, पावशाचे ओरडणे वाढते आणि पुढे मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाने ओढा पुन्हा वाहता होतो. त्या पाण्याबरोबर अंड्यांनी भरलेले मासे वर चढतात आणि वळगणीच्या माशांसाठी अर्धा गाव पाग (फेकायची जाळी) व टोपल्या घेऊन उतरतो. ज्याने उन्हाळाभर डोह राखला त्याने त्या दिवशी काठी घरी ठेवून केवळ वही घेऊन जावे, डोह किती वाजता भरून वाहू लागला आणि कोणता मासा आधी चढला ते लिहावे, आणि पाणी गढूळ असेपर्यंत गरवायला जाऊ नये.