दोन फॅमिली गाड्यांमधून रोज चालवायला बरी कोणती, ते कसं पारखावं

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे दहा मिनिटं, मोकळा रस्ता आणि शेजारी अखंड बोलणारा सेल्समन. त्यात दोन्ही गाड्या छानच वाटतात. रोजची कटकट कळते ती ताशी वीसच्या आत, म्हणजे सिग्नलच्या रांगेत, चढावर, पार्किंगमध्ये. त्यामुळे दोन्ही गाड्या तुमच्या रोजच्या रस्त्यावर, एकाच दिवशी, तीच माणसं बसवून चालवा. आणि जे व्हेरिएंट घेणार तेच मागा.

निघण्यापूर्वी टायर बघा, ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा लिहिलेला असतो, हवा त्याहून जास्त असली तर चांगली गाडीही दणके देते. मग टायरवरचे आकडे वाचा. १९५/५५ आर१६ मधला ५५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या (इथे १९५ मिलिमीटरच्या) ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. १८५/६५ आर१५ मध्ये तीच उंची १२० च्या आसपास जाते. आर१६ म्हणजे १६ इंची चाक, आर१५ म्हणजे १५ इंची. मोठी चाकं फोटोत रुबाबदार दिसतात, पण खड्ड्याचा मार झेलायला रबर कमी उरतं. एकाच मॉडेलचं महागडं व्हेरिएंट कधी कधी जास्त आदळतं, ते यामुळेच.

आता सीट आपल्या मापाची करून घ्या. क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. डावा गुडघा मधल्या कन्सोलला घासतो का? दहा मिनिटांत ते जाणवत नाही, तासाभरात ठणकायला लागतं. वळताना पुढच्या काचेच्या खांबामागे रस्ता ओलांडणारा माणूस लपतो का, हेही बघा.

मग गर्दीत शिरा. मॅन्युअल असेल तर क्लच किती जड आहे आणि तो कुठे धरतो, ते पाहा; नुसता क्लच सोडून पहिल्या गिअरमध्ये गाडी न अडखळता सरकली तर निम्मं काम झालं. ऑटोमॅटिकमध्ये प्रकार विचारा. एएमटीत, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच पण क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं त्या प्रकारात, गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे डुलते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेला प्रकार, मऊ चालते, पण जोरात पाय दिला की आधी इंजिन ओरडतं, वेग मागाहून येतो. चढावर थांबून पुन्हा निघून बघा, गाडी मागे घसरते का ते कळेल.

गतिरोधकावरून जाताना गाडी भरलेली हवी. एकट्याने चालवताना टणक वाटणारी गाडी पाच माणसांत शहाण्यासारखी वागते, आणि एकट्याला मऊ वाटलेली खाली टेकते.

परतताना यू-टर्न घ्या. एक गाडी एका दमात वळते, दुसरीला रिव्हर्स घ्यावा लागतो. कागदावर वळणाच्या त्रिज्येत अर्ध्या मीटरचाही फरक नसतो, पण अरुंद गल्लीत तो रोज भेटतो. मग चालत्या गाडीत एसीचा पंखा कमी करा. गोल बटण असेल तर रस्त्यावरची नजर हलत नाही. स्क्रीनवर दोनदा बोट मारावं लागलं तर तसं लिहून ठेवा.

शेवटी मागे बसा. आधीची गाडी घेताना मी ते केलंच नाही. आई दर वेळी उतरताना दाराची कड धरून, पाय चाकाच्या उंचवट्यावरून उचलत बाहेर यायची, आणि मला ते सहा महिन्यांनी दिसलं. तेव्हापासून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तीनदा चढ-उतार करायला लावल्याशिवाय मी किमतीचं बोलणं सुरू करत नाही. सेल्समन कंटाळतो, कंटाळू दे.