मोसंबी घातलेलं चिकन सॅलड, पोटभर जेवणाचं

उन्हाळ्यात रस्सा-भाकरी नको वाटते तेव्हा हे करून बघा, खरंच लई भारी लागतं. बोनलेस चिकनला मीठ, लसूण, मिरपूड अन् थोडं दही लावून अर्धा तास ठेवा, मग निखाऱ्यावर नाहीतर तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्हीकडून भाजा, आतून गुलाबी राहायला नको. उतरवल्या उतरवल्या कापू नका, ५ मिनिटं तसंच राहू द्या, नाहीतर सगळा रस ताटात जातो अन् चिकन चोथा लागतं. जालन्याची मोसंबी मिळाली तर उत्तमच, फक्त फोडींवरचा पांढरा पापुद्रा पूर्ण काढा, तोच कडू लागतो. काकडी, कांदा, भाजलेले शेंगदाणे घाला. मीठ-लिंबू मात्र अगदी वाढताना, आधी टाकलं की फळांना पाणी सुटतं. केसर आंबा घालायचा तर जरा कडकच घ्या.