मेंदूच्या संशोधनासाठी देणगी देताना

डोक्याला मार लागलेल्या किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णांसाठी देणगी द्यायची असेल, तर ती उपचारखर्चासाठी की संशोधनासाठी हे आधी ठरवावे आणि धनादेशासोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे. नुसते ‘रुग्णसेवेसाठी’ लिहिले, तर ती रक्कम संशोधनाकडे वळेलच असे नाही. संशोधनाला पैसा का द्यावा, हे डोक्याच्या दुखापतीवरील क्रॅश-३ या औषधचाचणीवरून कळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २९ देशांतील बारा हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि तिच्या निधीत ब्रिटनमधील सरकारी पैशाबरोबर जे. पी. मोल्टन या धर्मादाय न्यासाचाही वाटा होता. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे जुने, स्वस्त औषध मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास डोक्याच्या सौम्य व मध्यम दुखापतीने होणारे मृत्यू कमी होतात, असे तीत दिसले. अशा औषधात कंपन्यांना फारसा नफा नसतो. तिथेच देणगी खरी मोलाची ठरते.

प्रकल्पाला नैतिकता समितीची मान्यता आहे का, हे विचारावे. रुग्णांवरील चाचणी असल्यास सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत ती स्वतः शोधून पाहावी. दोन हजारांहून अधिक रक्कम रोखीने देऊ नये, कारण तिच्यावर करसवलत मिळत नाही. वर्षभराने खर्चाचा हिशेब मागताना संकोच करू नये.