झोन दिसला म्हणून नाचू नका

थिसिसला संत्र्याच्या सालीपासून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण हा विषय घेताय? नागपुरात राहून दुसरं काय घेणार म्हणा! साल फुकटात मिळते. फक्त आंबिया आणि मृग बहाराच्या साली एकाच डब्यात भरू नका आणि सावलीत वाळवा. मी मेच्या उन्हात गच्चीवर टाकल्या होत्या, पार कोळसा झाला.

कण तयार होतात हो, त्याचं टेन्शन नको. यूव्हीत (प्रकाश किती शोषला ते मोजणारी चाचणी) ३७० नॅनोमीटरच्या आसपास शिखर, एक्सआरडीत (एक्स-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) ३१.७, ३४.४ आणि ३६.२ अंशांवर रेषा, एवढं जमतं.

मी आपटले ती प्लेटवर, म्हणजे अगारच्या जेलीवर जिवाणू वाढवतात त्या बशीवर. झिंक नायट्रेटमध्ये सालीचा अर्क आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून आलेला साका एकदाच धुतला, ८० अंशांवर वाळवला आणि थेट स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर लावला. झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, असा मोठा, की मी डब्बा पार्टी दिली. गाइड म्हणाले, "झोन आला ना, लिहून टाक." प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच विचारलं, "नुसता अर्क लावला होता का? नुसतं झिंक नायट्रेट?" माझ्याकडे त्या प्लेटच नव्हत्या.

परत केलं. नुसत्या नायट्रेटचा झोन जवळपास तेवढाच! पावडर चार वेळा धुतल्यावर माझा झोन निम्म्यावर आला. म्हणजे मी दोन महिने न धुतलेलं मीठ, म्हणजे उरलेलं झिंक नायट्रेट, मोजत होते. हे नीट समजून घ्या: कण अगारमधून फारसे सरकत नाहीत, सरकतात ते विरघळलेले झिंकचे आयन. संत्र्याचा अर्क आंबट, आणि आम्लात झिंक ऑक्साइड आणखीच विरघळतं. त्यामुळे झोनच्या मापावरून कणांची ताकद ठरवू नका. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढा. पण कणांनीच ब्रॉथ गढूळ होतो, म्हणून डोळ्यांवर न जाता त्यातला थेंब नव्या प्लेटवर पसरून बघा. प्रत्येक वेळी अर्क वेगळा, मीठ वेगळं, धुतलेले कण वेगळे. कंटाळा येईल. तरी करा.

डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीतही तेच. तिच्यातला जांभळा रंग अर्कातल्या पॉलिफेनॉलनीही उतरतो. ५१७ नॅनोमीटरला वाचण्याआधी सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर तरंगते कणच आकडा बिघडवतात. आणि पावडर ५०० अंशांवर भाजली असेल तर "हेस्पेरिडिनच्या (सालीतल्या एका द्रव्याच्या) आवरणामुळे" असलं वाक्य सिनियरच्या थिसिसमधून उचलू नका. ते जळून गेलं बापा!

एमटीटीत (पेशी जिवंत आहेत का बघायच्या चाचणीत) कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणून "औषध" लिहायची घाई नको. शेजारी साध्या पेशीही ठेवा. झिंक ऑक्साइड त्यांनाही मारतं.

झोन लहान झाला म्हणून रडू नका. मी रडले होते, पण व्हायव्हात त्या लहान झोनबद्दल कोणी अडवलं नाही. गाइडशी भांडण्यापेक्षा लॅबमधल्या काकांना धरा. धुतलेल्या पाण्यात मीठ उरलंय का हे कंडक्टिव्हिटी मीटरवर बघायचं त्यांनीच मला शिकवलं. आणि सेंट्रिफ्यूजच्या वहीत आदल्या दिवशीच नाव टाका. चार धुण्यांत अख्खी दुपार जाते.