नळ गळतोय? आधी व्हॉल्व शोधा

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत मी प्लंबिंगची कामं करतो. फोन आला की पहिलं विचारतो, "काकू, गळतंय ते पाणी नर्मदेचं की बोरिंगचं?" इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतंय, जलूदहून, जवळजवळ ७० किलोमीटरवरून. बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतात, म्हणून घरोघरी खाली हौद, गच्चीवर टाकी आणि मधे मोटर. शिवाय बोरिंग. आपल्या जमिनीखाली काळा पाषाण, त्यातलं पाणी जड. त्याचा पांढरा थर नळात, फ्लशमध्ये, गीझरमध्ये सगळीकडे बसतो. बिघाडांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

कुठल्याही कामाआधी घरातले व्हॉल्व ओळखून ठेवा. टाकीखालचा मुख्य व्हॉल्व, बाथरूमचा, स्वयंपाकघराचा, आणि बेसिन-कमोडखालचे छोटे अँगल कॉक. ऑइल पेंटने प्रत्येकावर नाव लिहा. महिन्यातून एकदा ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व क्षारांनी जाम होतो आणि नेमका पाइप फुटल्यावर फिरत नाही. जाम झालेल्याला पान्याने जोर देऊ नका, दांडी तुटते. टाकी रिकामी करून तो बदलणंच बरं.

आता गळका नळ. तोंडातून थेंब येतोय की दांडीपाशी, हे आधी बघा. दांडीपाशी, तेही नळ चालू असतानाच येत असेल, तर मुठीखालचा ग्लँड नट पाव वळसा आवळा. बहुधा तेवढ्यावर भागतं. तोंडातून येत असेल तर व्हॉल्व बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि खाली जाळीवर फडका टाका. मुठीचा स्क्रू जाळीतून गेला की सापडत नाही. नळाला कापड गुंडाळून मगच पाना लावा, म्हणजे पॉलिश जात नाही. जुन्या आट्यांच्या नळात स्पिंडलच्या, म्हणजे आतल्या दांडीच्या, टोकाला रबरी वायसर असतो. तो दबून कडक झालेला असतो, मधे गोल खाच पडलेली दिसते. नवा वायसर काही रुपयांत मिळतो, पण तो घालण्याआधी करंगळी आत घाला आणि ज्या पितळी कडेवर वायसर टेकतो ती चाचपा. कड गुळगुळीत लागली तर वायसर घाला. बोटाला खड्डा किंवा खरखर लागली तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जाईल. अशा वेळी कड घासून घ्यावी लागते, नाहीतर नळ बदलावा लागतो. ही करंगळीची तपासणी लोक टाळतात आणि मग सारखे वायसर बदलत बसतात.

अर्ध्या वळशात उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यांत वाळूचा कण किंवा क्षार अडकला की नळ ठिबकतो. आतला भाग काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मऊ ब्रशने घासा. तरी थांबलं नाही तर तो जुना भाग खिशात घालून सियागंजच्या बाजारात जा आणि आटे, दाते जुळवून नवा घ्या. नुसतं कंपनीचं नाव सांगून आणलेला भाग पुष्कळदा बसत नाही. चकाकत्या नळांना संडासाचं ॲसिड मात्र कधीच लावू नका.

फ्लशची गळती ऐकू येत नाही, म्हणून ती जास्त पाणी खाते. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं आणि टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीत सांडत नसेल, तर तळाचं रबर सील नीट बसत नाही. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा, सील काढून बोटाने पुसा, ते टेकतं त्या कडेवरचा पांढरा थर लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्याने मऊ करून कापडाने काढा. सुरीने खरवडू नका, कडेला ओरखडा पडला की तिथूनच पाणी जातं. पाणी मधल्या उभ्या नळीत सांडताना दिसलं, तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) खाली करा. पातळी नळीच्या तोंडापेक्षा इंचभर खाली हवी.

मोटर घरघरते पण पाणी चढत नाही, ही तक्रार उन्हाळ्यात रोजची. ती तशीच चालू ठेवू नका, कोरडी चालली की आतलं सील जळतं. हौदात पाणी आहे का बघा. असेल तर बहुधा हौदातल्या फूट व्हॉल्वमध्ये, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेत, कचरा अडकून पाइपातलं पाणी परत खाली उतरलेलं असतं. मेन स्विच बंद करा, फूट व्हॉल्व वर काढून झडप धुवा, मग मोटरच्या पाणी भरायच्या (प्रायमिंगच्या) तोंडातून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरून मोटर लावा.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक घरी सांगतो. दाब कमी आहे म्हणून नर्मदेच्या लाइनवर थेट टिल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) बसवू नका, मी तो कुणालाही बसवून देत नाही. पंप ओढायला लागला की लाइनीत उलटा दाब होतो आणि जमिनीखाली कुठे जोड सैल असेल तर तिथून बाजूच्या गटाराचं पाणी आत येतं. ते तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या पोरांच्या पोटात जातं. नळाचं पाणी आपल्या दाबाने हौदात पडू द्या, मग तिथून मोटर लावा. बोरिंगची आणि नर्मदेची लाइनही एकमेकांना जोडू नका, दोन्ही पाणी वेगवेगळ्या पाइपाने वरून हौदात पडू दे.

नवा नळ बसवताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, सात-आठ वेढे ताणून गुंडाळा. उलटा गुंडाळला तर नळ फिरवताना गोळा होतो. प्लास्टिक पाइपाच्या टोकाला पितळी आटे असलेला एल्बो (कोपऱ्याचा जोड) हवा. साध्या एल्बोत नळ आवळला की तो तडकतो, आणि कधी कधी आठवड्याने, भिंतीच्या आत. भिंत ओली दिसायला लागली तर टाइल फोडण्याआधी घरातले सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीची पातळी खडूने आखा. रात्रभरात ती उतरली, तर लाइन उघडायला माणूस बोलवा.