जपलेली जुनी आलिशान गाडी स्वतः विकताना

बारा-तेरा वर्षांची, मन लावून सांभाळलेली मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू विकायला काढली की जुन्या गाड्यांचे व्यापारी पहिल्याच भेटीत धक्का बसेल इतकी कमी किंमत सांगतात. त्यामागे कारण आहे. घेणाऱ्याला अशा गाडीच्या किमतीपेक्षा तिच्या पुढच्या दुरुस्तीच्या बिलाची धास्ती अधिक असते, आणि ती दूर करण्याचा पुरावा व्यापाऱ्यापाशी नसून मालकाच्या कपाटात असतो. म्हणूनच ही गाडी स्वतः विकावी, मात्र तयारी महिनाभर आधी सुरू करावी.

सर्व्हिसची सगळी बिले तारखेनुसार एका फायलीत लावावीत आणि वरच्या पानावर गिअरबॉक्सचे ऑइल, ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी व टायर किती किलोमीटरला बदलले ते स्वच्छ अक्षरांत लिहावे. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, हे जाणकार गिऱ्हाईक तपासतेच. याच पानावर गाडीतले दोषही नोंदवावेत, कारण आपण आधी सांगितलेला ओरखडा किंमत थोडीशी कमी करतो, तर गिऱ्हाइकाला सापडलेला ओरखडा बाकीच्या सगळ्या बिलांवरचा विश्वास उडवतो. एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये संगणकावर गाडी तपासून तो अहवालही फायलीला जोडावा.

गिऱ्हाइकाला शक्यतो सकाळी बोलवावे आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नये. थंड इंजिनाचा आवाज त्याला ऐकू द्यावा. एअर सस्पेन्शन (हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) असेल तर रात्रभर उभी राहून गाडी एखाद्या कोपऱ्यात खाली बसलेली नाही, हेही त्याला तेव्हाच दिसते. आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या गर्दीत गिअर झटका न देता बदलतो का आणि मुंबई–आग्रा महामार्गावर स्टिअरिंग सरळ राहते का, एवढे पाहिले की चाचणी पुरेशी होते. किल्ली देण्यापूर्वी त्याचा वाहन परवाना पाहावा आणि स्वतः शेजारी बसावे.

खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत जवळ आली असेल, तर नूतनीकरण व पर्यावरण कर आपण आधीच उरकावा, असे माझे मत आहे; त्या कटकटीच्या नावाखाली खर्चापेक्षा कितीतरी जास्त रक्कम किमतीतून कापली जाते.

इसार बँकेतूनच घ्यावा आणि त्याची पावती द्यावी. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्यालाच होतो. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय ताबा देऊ नये.

सर्वाधिक काळजी नावांतराची घ्यावी. ओळखीतल्या एका गृहस्थांनी गाडी दिली, कोऱ्या अर्जांवर सह्या केल्या आणि नंतर कित्येक महिने परजिल्ह्यातली चलने त्यांच्याच मोबाइलवर येत राहिली. चलनांपुरते ते निभावले. परंतु नोंदणीवर ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून नमुना 29 (विक्रीची सूचना) व नमुना 30 (नावांतराचा अर्ज) पूर्ण भरूनच सही करावी, कर्ज फिटले असेल तर नमुना 35 देऊन बोजा आधीच उतरवावा आणि गिऱ्हाईक परराज्यातले असल्यास नमुना 28 वर ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे. राज्यातल्या राज्यात विक्रीची सूचना देण्यासाठी विकणाऱ्याला 14 दिवसांची मुदत असते. पेठ रोडवरील आरटीओ कार्यालयात कामासाठी एजंट नेमला, तरी अर्जाची पोच आपल्यापाशी हवी. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी आणि त्याच दिवशी फास्टॅग बंद करावा.

विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून मालकाचा असतो. कंपनीकडून त्याचे पत्र मागून घेतल्यास तो तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला वापरता येतो. सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी पोर्टलवर नव्या मालकाची नोंद दिसेपर्यंत दर आठवड्याला तपासत राहावे आणि ती दिसली की त्या पानाची प्रत काढून ताबा पावतीसोबत ठेवावी.